करपलेल्या खेपेची वही

मी, वय एकाहत्तर, धंदा जंतू वाढवायच्या प्लेट्स बनवून प्रयोगशाळांना पुरवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि भयंकर रागात लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. राग उतरल्याचा कोणी मागितला नाही.

१. कारखाना आणि बँकेतलं सगळं पत्नीला. तिने विकावा, चालवावा, माझ्या फोटोला विचारत बसू नये.

२. माझा पुठ्ठा मुलीला. सातवी पास मी, विद्यापीठात बाटल्या धुवायला लागलो. दाराआड शोधनिबंधांवर चर्चा चालायची; माझे हात पाण्यात, कान आत. तिथे शिकलो: सारांशावर पुठ्ठा ठेवायचा, आधी कृती आणि तक्ते वाचायचे, आपला निष्कर्ष लिहायचा, मगच पुठ्ठा उचलायचा. मुलीला मीच शिकवलं. विसरली.

३. खेप ४१२ ची वहीही मुलीला. त्या दिवशी ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेवर निर्जंतुक करायच्या भांड्याचा, काटा अडकला आणि प्लेटमध्ये ओतायचं माध्यम, जंतूंचं खाद्य, करपलं. करपलेल्या प्लेटवर काही उगवत नाही, औषध घाला नाहीतर घालू नका. खेप तिच्या पीएचडीच्या सरांकडे गेली होती; त्यांना त्याच दुपारी फोन केला, "फेकून द्या." वेळ वहीत आहे. त्यांनी फेकल्या नाहीत. त्याच प्लेट्सवर आपलं नवं औषध तपासलं आणि 'सर्व जंतू नष्ट' असं छापलं. खेपेचा नंबर निबंधात बारीक अक्षरात आहे! आता तेच औषध माणसांच्या जखमांवर लावायची परवानगी मागताहेत.

मुलीने तो निबंध विभागात मांडला. वीस मिनिटं नुसतं कौतुक. मागच्या बाकावरून मी विचारलं, "औषध न घातलेल्या प्लेट्सवर काय उगवलं?"

सर म्हणाले, "मामा, तुम्ही ओता, आम्ही वाचतो."

सगळे हसले. मुलगीही हसली.

घरी म्हणाली, "बाबा, चार लोकांत कशाला? माझी पीएचडी त्यांच्या सहीवर अडलीय."

"मग कधी विचारू? जखमा चिघळल्यावर?"

निबंध छापणाऱ्या मासिकाला मी स्वतः लिहिलं. उत्तर आलं: आपली पदवी कळवावी.

४. सरांना बारा प्लेट्स, मुद्दाम तशाच करपवून. औषध न घालता हवे ते जंतू पेरा आणि बघत बसा.

५. घर मुलीला. वकील म्हणाले, "अट घाला, मासिकाला पत्र लिहिलं तरच घर." घालणार नाही. उद्या ती बोलली, तर 'घरासाठी बोलली' म्हणायला सरांना जागा नको. घर तिचंच, गप्प बसली तरी.

आणि पोरी, लिहिलंस तर छोटं लिही. नंबर, तारीख, प्रश्न. चिडू नकोस; ते काम मी इथे उरकलं आहे.

साक्षीदार: दाखला देणारे डॉक्टर, शेजारचे औषध दुकानदार. दोघांनाही यातून काही मिळत नाही, तपासून घ्यावं.

स्थळ: कारखान्याचं ऑफिस. दिनांक ९ जून.

सही: प्लेटवाले मामा