तुझ्या नावाचा घोट

बाबा, आज तुझ्यावर चिडूनच लिहायला बसलोय. तू गेलास तेव्हा मी नववीत होतो, आणि इतक्या वर्षांत तुझ्याशी भांडायची वेळ आली नव्हती. आई म्हणते, डोकं तापलं की हा पोरगा कुणाचा न्हाय. कॉलेज तसंच सुटलं, दुसऱ्या वर्षाला एका सरांशी वाजलं आणि परत गेलोच नाही. आता वडपे गावच्या गोदामात आहे, पार्सलं स्कॅन करून गाडीत चढवायची. तिथेच ती भेटली. वज्रेश्वरीच्या पुढे डोंगरात तिचा पाडा आहे, तिथून शिफ्टला येते. बोलते कमी. मी दहा वाक्यं बोललो की तिचं एक येतं, पण ते एक मला दिवसभर पुरतं. हसू नकोस.

गेल्या रविवारी तिच्या घरी गेलो. तिनेच बोलावलं होतं, आधी एकटा ये, बापाला तुला बघू दे, मग तुझी माणसं आण. इस्त्रीचा शर्ट घालून बाईक काढली. सारवलेलं अंगण, कोंबड्या, त्यातली एक माझ्यासाठी चुलीवर. तिचा बाप हसला, बस म्हणाला, आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. आपल्याकडे पाहुणा आला की घरातले सगळे एकदम बोलायला लागतात, तू तर गल्लीच्या टोकापासूनच सुरू व्हायचास. मला ते सोसवेना. मी पगार, गोदाम, बाईक किती अॅव्हरेज देते, वाट्टेल ते बडबडत सुटलो. ते ऐकत राहिले. मग त्यांनी ताडी आणली, पेला भरला, थोडी जमिनीवर सोडली आणि हळू आवाजात त्यांच्या गेलेल्या माणसांची एकेक करून नावं घेतली. तोच पेला दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

मी म्हणालो, "मी घेत नाही."

हात तसाच. "तोंड लावण्यापुरती."

"नको म्हटलं ना, काका."

त्यांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. "आमच्या हातची चालत न्हाय काय?"

कारण दोन शब्दांचं होतं. पण माझा आवाज चढला, तुझाच आवाज, आणि मी म्हणालो, "तुम्हा लोकांना प्यायल्याशिवाय बोलताच येत नाही का?"

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि शेळ्या बघायला उठून गेले. ते परत आलेच नाहीत. कोंबडी चुलीवरच राहिली. मी निघालो तेव्हा ती माझ्या मागून बाईकपर्यंत आली आणि म्हणाली, "तुम्ही लोक म्हणजे कोण रे? मी पण त्यातलीच ना? माझ्या डब्यातलं बरं चालतं तुला." मी किक मारली.

परतताना तिच्या बापाचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना, आणि पूर्णा गावापाशी येईपर्यंत ध्यानात आलं की हा चेहरा मी आधी पाहिलाय. तुझा. आपल्या चाळीत भाड्यानं राहणारा तो बिहारचा पॉवरलूमवाला आठवतो? त्याला हाताला धरून तू आत आणलंस, ताटात बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी, आणि तुझं ते हिंदी, "खाव भैया, शरमाव मत." तो म्हणाला, आज नहीं. पुन्हा म्हणाला, आज नहीं. तू ताट उचलून मोरीत नेऊन आपटलंस, आमच्या घरचं चालत न्हाय तर आमच्या घरात राहतोस कशाला म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याच्या खोलीतल्यांनी सांगितलं, गावी त्याची आई गेली होती, सुट्टी मिळाली नव्हती, आणि तेरावं होईपर्यंत तो बाहेरचं खात नव्हता. तू त्याला विचारलं नव्हतंस आणि त्यानं सांगितलं नव्हतं. मग तू त्याच्या दारात जाऊन बसलास, लूमच्या खडखडाटात मोठमोठ्यानं भलतंच काहीतरी बोलत. माफी मागणं तुला येत नव्हतं. मलाही तू ते शिकवलं नाहीस. जो आपल्या हातचं खात न्हाय तो आपल्याला माणूस समजत न्हाय, हे मात्र मी बोलायला लागायच्या आधी शिकलो असेन. डोंगरावर तिचा बापही तेच शिकलाय. त्यांच्याकडे आपल्यासारखी जमीनवाली माणसं आली ती कायम लांबून बोलली, पाणीसुद्धा न पिता गेली. मग माझं 'नको' त्याला कसं ऐकू आलं असेल?

गोदामात मी दिवसभर हमालांशी हिंदीत, साहेबाशी शुद्ध मराठीत, गाववाल्यांशी आपल्या बोलीत बोलतो. कुठे अडत नाही. पण माझा बाप पिऊन मेला, आईनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घ्यायला लावली म्हणून मी पीत नाही, एवढं मला कुठल्याच भाषेत सांगता आलं नाही. आपल्या घरात तू आजारानं गेलास. गावाला ठाऊक आहे, तरी आजारानंच. तिलासुद्धा मी हार्ट सांगितलंय. सगळं बोंबलून सांगणारी आपण माणसं, आणि हेच एक गिळून बसलोय. याचाच राग येतो मला, बाबा. तू प्यालास, आणि तोंड मी मिटून बसायचं.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, डबा बायकांत बसून खाल्ला. काल लोडिंगच्या वेळी बाजूला येऊन म्हणाली, "बाप बोलला, नेम असेल तर पिऊ नको. जमिनीला घोट द्यायचा नि पेला खाली ठेवायचा. पण कुणासाठी सोडतोस ते नाव घे, तो कसा गेला ते चार माणसांत सांग. आमच्यात लपवलेल्या मढ्याच्या घरी पोरगी देत न्हाईत." आणि पुन्हा स्कॅनर घेऊन उभी राहिली.

उद्या रविवार. जायचंय. न गेलो तर ती संपलं म्हणणारसुद्धा नाही, नुसती गप्प होईल, आणि मला ते चालणार नाही. आईला अजून विचारलेलं नाही. तुझं नाव तिथे असं घेतलं हे कळलं तर ती काय करेल, माहीत नाही. हे कागद खिशात घालून न्यावेत असं वाटत होतं, पण तिथे वाचून दाखवायचं नाहीये, बोलायचंय. इथेच राहू देत.

एक मात्र पाड्यावर सांगणार नाही, तुलाच सांगतो. पेला जवळ आला तेव्हा मला वास आला, आणि त्याची किळस आली म्हणून मी ओरडलो असं मी स्वतःला आठवडाभर समजावतोय. किळस आली नव्हती. तू आला होतास. अंगणात, अगदी माझ्याजवळ. पेला हातात घेऊन नुसता हुंगत बसावंसं वाटलं, म्हणून ओरडलो.