चुकलेला दशांश

४ फेब्रुवारी
आले बाई एकदाची! वीजकेंद्राची प्रयोगशाळा, खिडकीपाशी टेबल, चार दशांशांपर्यंत तोलणारा तराजू. आईला फोनवर सांगितलं, तुझी लेक आता कोळसा जाळून पगार घेणार. साहेब प्रेमळ, पहिल्याच दिवशी ‘पोरी’ म्हणू लागले. माझ्या आधीचा केमिस्ट न सांगताच निघून गेला म्हणे. भिंतीवरच्या फोटोत तो तोंडभर हसतोय. पुढचा दात सोन्याचा.

६ फेब्रुवारी
कोळसा तापवला की आधी पाणी जातं, मग वायू, मग कार्बन. त्यातलं लोखंड लाल पडतं, चुनखडीचा चुना होतो. आठशे पंधरा अंशांना उरते ती राख. फॉस्फरस मात्र चिवट, राखेतच ठाण मांडतो. आमच्या राखेत तो जेमतेम ०.४ टक्के.
साहेब राखेचे आकडे आदल्या दिवशीच वहीत भरून ठेवतात! खाण तीच, राख तीच, म्हणाले. वीस वर्षांत एकही आकडा चुकलेला नाही आणि वहीत खाडाखोड त्यांना खपत नाही. मला मनातून हसू फुटलं.

१० फेब्रुवारी
जुनी वही चाळली. १७ जानेवारी, साहेबांच्या अक्षरात फॉस्फरस ४.०. दशांश सरकलाय, दुसरं काय! खात्रीसाठी त्या दिवसाची, बॉयलरच्या जाळीखालच्या राखेची बाटली आतल्या खोलीच्या कपाटातून काढून तपासली.
४.० च आला. कॅल्शियमही भरमसाट. दोन्ही एवढी कोळशात नसतात. हाडांत असतात.

११ फेब्रुवारी
तो केमिस्ट १७ जानेवारीलाच गेला. शिपायाला विचारलं, तर बादली उचलून बाहेर गेला.
राखेच्या त्या बाटलीच्या तळाशी वितळलेला पिवळा मणी सापडला. सोनं.

१२ फेब्रुवारी
उद्याच्या ओळीत साहेबांनी पुन्हा ४.० लिहिलंय. मूर्खासारखी दाखवायला गेले. दशांश चुकला, म्हटलं. साहेब म्हणाले, चुकला नाही, उद्या जुळेल. आणि माझं वजन विचारलं.
सकाळच्या पहिल्या बसनं घरी. पुराव्याला ती बाटली तेवढी घेते.

१३ फेब्रुवारी
बाटली घ्यायला आतल्या कपाटाच्या खोलीत आले — बाहेरून कडी लागली. फोन पर्समध्ये, पर्स बाहेर टेबलावर. खिडकीला गज. शिपायाला हाका मारतेय, तो ऐकतोय, सावली दिसतेय —

वही इथेच कपाटात आहे. आजच्या ओळीतलं ४.० खोडलं. ०.४ केलं. सही केली. आता तरी —

साहेब आले. दारातूनच वही बघितली. खाडाखोड बघून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, पोरी, वही खराब केलीस. आणि त्याच आकड्यावर पुन्हा, ठळक, चार, टिंब, शू—