गल्लीतली र. पा. भांडी

धुळे, १२ मे १९८६

आज लिलाबाई आठवली. पंचवीस वर्षांपूर्वीची एक दुपार — भांड्यांवर नावं घालणारा आमच्या ओट्यावर बसलेला, त्याची टकटक, आणि आम्ही शेजारणी तिखट-मीठ लावून कैरी खातोय. अक्षरामागे पैसे घ्यायचा. लिलाबाई म्हणाली, "बठ्ठं नाव कसाले? दोन अक्षरं बस!" मी रजनी पाटील — र. पा. तिनं नवऱ्याचं घातलं. रतिलालभाऊ पाटील — र. पा. पलीकडच्या रुक्माबाई पाटील — र. पा. सगळ्यांनीच काटकसर केली!

लिलाबाईला जाऊन आता सहा वर्षं झाली.

काल रुक्माबाईंच्या नातीचं लग्न झालं. गल्लीभरची भांडी त्यांच्याकडे मिसळून पडली आहेत. मला माझी हवीत. पंचवीसला भाचा पंडित टेम्पो घेऊन येणार, मला सुरतेला नेणार. "मावशी, एकटी किती दिवस राहशील?" त्याचंही खरंच आहे. जायचं मात्र मुळीच नाही.

१३ मे

अंगणात ढीगच ढीग! एका पातेल्यात मी स्वतः मावेन — ते रथ-पालखी मंडळाचं, म्हणजे तेही र. पा.! सहा पेले रसवंती, पारोळा इथले! "हे कुणी आणले?" विचारलं, तर सगळे आभाळाकडे बघायला लागले.

बोर्डिंगात माझ्या कपड्यांवर लाल दोऱ्यानं आर. पी. असायचं. रूथ पिंटोच्याही. वर्षभर तिचे मोजे घातले मी. सिस्टरना सांगितलं नाही.

रतिलालभाऊ म्हणाले, "तुम्ही उन्हात बसू नका. मी निवडून आणून देतो."

१५ मे

भाऊ आले. एक वाटी घेऊन. "ही तुमचीच ना?" माझीच. चहा घेऊन गेले.

१८ मे

काल झारा. आज एक झाकण. फक्त झाकण! या वेगानं पंडितला दिवाळीपर्यंत थांबावं लागेल.

२० मे

रुक्माबाई पापड वाळत घालता घालता हसत सुटल्या. "अक्का, भाऊनी पहिल्याच दिन बठ्ठं निवडी ठेयेल शे! गोणीत बांधेल शे. रोज एक काढीसन लई येतंस!"

२१ मे

आज डाव आणला. मी चहा दोनदा केला.

२२ मे

शेवटी विचारलंच. "भाऊ, गोणीत अजून किती आहेत?"

कानापर्यंत लाल झाले. चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "सगळी दिली, की तुम्ही जाल."

चहा निवला.

"नाही गेलात तर," ते म्हणाले, "माझ्याकडे जागा आहे. म्हणजे — रीतसर. लोक हसतील थोडे दिवस."

छप्पन्न वर्षांची आहे मी! पण आधी हसले ती मीच.

२३ मे

सकाळी दोघं कचेरीत जाऊन लग्नाच्या नोंदणीची नोटीस देऊन आलो. परवा पंडित येईल. टेम्पो रिकामा जायला नको.

शिलाई मशीन — पंडितच्या मुलीला.
पलंग आणि गादी — पंडितच्या बायकोला. तिची पाठ दुखते.
दोन्ही इंग्रजी शब्दकोश — पंडितच्या थोरल्या मुलाला. जाड आहेत, सांभाळून चढवावेत.
पंडितला — पेढ्यांचा पुडा. सांगायच्या आधी.