दुसरं मागणं सांगा

आत्याबाई,

काल पंचायतीत मी तुमचा प्रश्न विचारला. आता राज्य बदललंय, नोटिसा कानडीत येतात, पैसा दिल्लीहून निघतो, पण अट तुमच्या वेळचीच आहे. पाच गावांनी मिळून एकच काम मागायचं. पाचही गावं जमली आणि चहा यायच्या आत पाच कामांवरून वाद पेटला. मला आपली ओसरी आठवली.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी गुलबर्ग्याहून चार बुकं शिकून तुमची सून म्हणून आले होते. मामंजी गावचे पाटील, पण अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची वाचा गेलेली. बैठक आपल्याच ओसरीवर भरायची. ते लोडाला टेकून बसायचे, तुम्ही पदर सावरून माजघराच्या दारात उभ्या राहायचात, आणि त्यांनी नुसती मान हलवली की त्यांच्या वतीनं चांगलं ऐसपैस बोलायचात. एवढं सगळं एका मानेत कसं मावलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आदल्या वर्षी प्रत्येक गावानं आपापला अर्ज तालुक्याला नेला होता आणि सगळे तसेच परत आले होते. म्हणून या खेपेला संतपूरला मुक्कामी आलेल्या तहसीलदारांनी बजावलं होतं, "सब मिलके एक काम बोलो. नहीं तो एक भी नहीं मिलेगा." बैठकीच्या आदल्या दिवशी भाकरी थापता थापता तुम्ही मला शब्द दिलात, आपल्या गावाकडून पोरींच्या शाळेचं नाव घेईन म्हणून. शिकवायला मी होतेच. या घरात चुलीपलीकडे माझं म्हणून काहीतरी असावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते मला फार हवं होतं.

बैठकीत नेहमीचंच झालं. कुणाला विहीर हवी, कुणाला दवाखाना, कुणाला गुरांसाठी हौद. आवाज चढले, एकमेकांच्या आज्यापणज्यांचा उद्धार झाला. मग मामंजींची मान हलली आणि तुम्ही म्हणालात, "पयलं मागणं ज्याचं त्यानं पोटात ठेवा. ते सगळ्याला ठावं हाय. दुसरं सांगा." सगळे चपापले. ओढ्यापलीकडचा एक तरणा शेतकरी म्हणाला, "आमचं दुसरं बी हीरच हाय."

"कामून? पयलीचं पाणी खारट लागलं का?"

हशा पिकला, आणि हसता हसता माणसं विचार करायला लागली. एकानं सांगितलं, ओढ्यावर पूल. दुसऱ्यानंही पूलच म्हटलं. पावसाळाभर तो ओढा सगळ्यांनाच अडवायचा, पण तो कुण्या एका गावाचा नव्हता, म्हणून कुणाच्याच पहिल्या मागण्यात तो आला नव्हता. विहीरवालासुद्धा मान खाजवत पुलावर आला. शेवटी आपली पाळी आली. मी दाराआड उभी होते. तुम्ही म्हणालात, "आमचं बी पूलच."

मी चुलीपुढं जाऊन बसले आणि भांडी आपटली. तुम्ही आत आलात.

"कामून रडायलीस?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिल्ता. पण दुसऱ्यायला पोटात ठेवा म्हणायचं अन् आपलं तेवढं बोलायचं, हे मला जमत न्हाई. मी बी पोटात ठेवलं. फेकलं न्हाई." मग म्हणालात, "पीठ चाळून घे. बाहेर मान्सं जेवायची हायेत."

मला तुमचा इतका राग आला होता की त्या दिवशी मी कुणाला वाढायला गेले नाही. तुम्ही एकटीनं पंगत उरकलीत आणि त्यावर कधी चकार शब्द काढला नाहीत. पूल झाला. ज्या पावसाळ्यात त्याच्यावरून पहिली बैलगाडी गेली, त्याच पावसाळ्यात तुम्ही गड्याला सांगून कडब्याची खोली रिकामी केलीत, स्वतः शेणानं सारवलीत आणि मला म्हणालात, "आता पलीकडच्या पोरी बी येतील. बस शिकवत." त्या आल्या. त्या विहीरवाल्याची लेक सगळ्यात आधी, ओला परकर पिळत दारात उभी.

काल पंचायतीत तीच माझ्यासमोर बसली होती. तिचेही केस आता पांढरे झालेत, तिच्या गावची ती सदस्य आहे. वाद फार चढला तेव्हा मी म्हटलं, पहिलं मागणं पोटात ठेवा, दुसरं सांगा. सरपंच पोरगा तोंडाकडं बघत राहिला. ती मात्र लगेच उठली. "आमचं पयलं हीर हाय, बापापासूनचं," ती हसून म्हणाली. "दुसरं म्हनाल तर पोरींचं हायस्कूल. सातवी झाली की पोरी घरीच बसायल्यात." तिच्यामागून आणखी दोन गावांनी हायस्कूल म्हटलं. आपल्या गावाकडून बोलायची माझी पाळी आली तेव्हा मी दवाखाना म्हणाले. शाळा माझं पहिलं होतं, आणि नियम तुमचा होता. हायस्कूलचा ठराव झाला. तो दिल्लीपर्यंत पोचेपर्यंत मी तालुक्याच्या कचेरीचा उंबरठा झिजवणार आहे, मग गुडघे काहीही म्हणोत.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. घरी आल्यावर सूनबाईनं तुमच्या नियमावरच्या माझ्या निष्ठेचं कौतुक केलं आणि मी ते ऐकून घेतलं. पण काल त्या विहीरवाल्याच्या लेकीनं शाळेचं नाव घेतलं नसतं, तर मी तुमचा नियम तिथल्या तिथं मोडला असता. पहिलं मागणं माझ्या ओठांवरच होतं. तुम्ही माझ्यादेखत ते कसं गिळलंत, आत्याबाई, ते मला अजूनही येत नाही.