पत्र्यावरून

२२ ऑगस्ट १९९९, संध्याकाळ
अँटेनाचा पाइप डावीकडे फिरवून "आलं का?" म्हणून ओरडलो. खालून उत्तर नाही. उतरून पाहिलं. पडद्यावर मुंग्या. पुन्हा शिडी. बायको, द्रौपदा, वारल्यापासून काम दुप्पट झालं आहे. ती टीव्हीपुढे बसून सांगायची, मी पत्र्यावर फिरवायचो.
निश्चय: टीव्ही विकणे. मालिका मी पाहत नाही. त्यातली धाकटी सून माहेरून परत येते का, एवढं कळलं की बंद.

२५ ऑगस्ट
विकला नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक मिळत नाही.
निवडणुकीची जीप दारातच उभी. कर्ण्यातून बदल, बदल. मागच्या वेळी हाच आवाज होता, चिन्ह वेगळं. मत देणार नाही. देशाच्या स्थितीवर एकदा सविस्तर लिहिणार आहे.
जीप गेल्यावर पत्र्यावरून विचारलं. खालून ऐकू आलं, "आलं, आवं, आलं! ऱ्हाऊ द्या तसंच."
उतरलो. मुंग्याच होत्या.
शेजारच्या सोनीबाई असतील.

२६ ऑगस्ट
सोनीबाई लेकीकडे मंचरला आहेत. कधीच्याच.
भूतबित मी मानत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला माणूस. कारण शास्त्रीय असणार. गावाला लागून रेडिओ दुर्बिणीच्या एवढ्या तबकड्या. तिथे कामाला असलेला अमृत सांगतो, विझलेल्या ताऱ्यांचे आवाज त्यांना ऐकू येतात. म्हणजे प्रश्न मिटला.
झोप लागली नाही.

३० ऑगस्ट
अमृत आला. म्हणाला, "काका, तुमचा अँटेनावरचा बूस्टर लई बोंबलतोय. आमाला आभाळातलं कायबी ऐकू येईना."
आमचा टीव्ही बंद असतो, असं सांगितलं.
"मग रोज दिवेलागणीला पत्र्यावर चढून इचारता कुणाला?"
कबुतरं हाकलतो, म्हटलं.
नवा बूस्टर फुकट बसवून देतो म्हणाला. स्पष्ट नकार दिला. हा बूस्टर द्रौपदाने मंचरहून माणूस आणून बसवला होता. बूस्टर गेल्यावर खालून उत्तर येईल का, हा विचार मनातही आला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२ सप्टेंबर
लाइट नव्हती. तरी चढलो. विचारलं.
"जरा मागं सरा," म्हणाली. सरलो.
"आजून."
मागे पत्रा संपतो. पाइप धरून लोंबकळलो. शेजारच्या कुंडलिकने उतरवलं. म्हणाला, "हनुमंतअण्णा, लाइट न्हाई, काय बघत व्हता?"
पाइपची मजबुती तपासत होतो. वीजपुरवठ्याची तक्रार वरपर्यंत नेणार.

५ सप्टेंबर
मुलगा समाधान मंचरहून आला. कुंडलिकने कळवलं असणार. त्याने नवा बूस्टर बसवायला अमृतला बोलावलं. विज्ञानाच्या कामात आडवं येणं बरं नव्हे, म्हणून मी गप्प राहिलो.
मला टीव्हीपुढे बसवलं. द्रौपदाच्या जागेवर. वरून अमृत ओरडला, "आलं का, काका?"
चित्र काचेसारखं. सून माहेरून परत आली होती.
"न्हाई," म्हटलं.
पाइप फिरला. "आता?"
"न्हाई."
"आता तरी?"
"न्हाई रे."
अंधार पडला. कुंडलिकने आत डोकावलं आणि वर ओरडला, "आलंय की राव कवाचं! अण्णा थट्टा करत्यात."
जुना बूस्टर अमृत पिशवीत घालून घेऊन गेला.

६ सप्टेंबर, सकाळ
चित्र स्वच्छ आहे. पत्र्यावर जावं लागलं नाही.