ऑफर लेटर वाटेत आहे

३ जून, सकाळी
मेल आला. त्या कंपनीचा. जिचं नाव काढलं की नातेवाईक हातातला कप खाली ठेवून ऐकतात, त्या कंपनीचा. माझा अर्ज त्यांना ‘इंटरेस्टिंग’ वाटला म्हणे. उशिरा का होईना, वाटला.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मागची कंपनी मी सोडली. कागदोपत्री त्यांनी माझी पोस्ट रद्द केली हे खरं, पण त्या मीटिंगमध्ये खुर्चीवरून आधी उठलो मी. मॅनेजर बसूनच होता.

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे. रोज कोडिंगचे प्रॉब्लेम सोडवणे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे. चव्वेचाळीस हे काही वय नाही.

४ जून, साडेदहा
आत्ता उठलो. मेंदूला झोप लागते. फोन दुसऱ्या खोलीत असल्यामुळे गजर ऐकू आला नाही. म्हणजे एक संकल्प पाळल्यामुळेच दुसरा मोडला. हिशेब चुकता.

६ जून
रिक्रूटर बाईंचा फोन. आवाजावरून कन्येपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. (कन्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटरच शिकते.) बाईंनी विचारलं, आमच्याकडे का यायचंय? मी पहिल्या नोकरीपासून सुरुवात केली, कारण संदर्भाशिवाय उत्तराला अर्थ नसतो. गोदामांचं सॉफ्टवेअर, मग दवाखान्यांचं, मग पुन्हा गोदामांचं. बाई मध्ये मध्ये ‘अच्छा’ म्हणत होत्या. ‘अच्छा’ मलाही कळतं. हे मनापासूनचं होतं. तिसऱ्या नोकरीपाशी आलो तेव्हा म्हणाल्या, सर, वेळ संपली, ऑनलाइन टेस्टची लिंक पाठवते, ती सगळ्यांनाच जाते. शेवटचं वाक्य बहुधा मी हुरळून जाऊ नये म्हणून.

तसा हुरळलो नाहीच. फोन ठेवल्यावर काहीच वाटलं नाही. आनंद नाही, धाकधूक नाही. मोठ्या माणसांचं असंच असतं.

९ जून
टेस्ट झाली. दोन प्रॉब्लेम. पहिल्यात प्रोग्रॅम सुरू व्हायचा आणि थांबायचाच नाही. मी त्याला वेळ देत होतो. कन्या चार्जर न्यायला आली, मागे उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, तुझी लूप संपतच नाहीये, दर फेरीला तो आकडा वाढव की. मी तिला सांगितलं, मला दिसतंय ते. आणि आकडा वाढवला. मला दिसलंच असतं. तिने फक्त दिसण्याची वेळ अलीकडे आणली.

१३ जून, शुक्रवार
टेस्ट पास! पुढच्या गुरुवारी त्यांच्या ऑफिसात बोलावलंय, दिवसभर, चार मुलाखती.

हिला सांगितलं. ही वह्या तपासत होती. (ही शाळेत गणित शिकवते.) म्हणाली, छानच झालं. मग पेनाचं टोपण लावून म्हणाली, आमच्या शाळेत कॉम्प्युटरची जागा निघालीय, मुख्याध्यापक बाई तुझ्याबद्दल विचारत होत्या, येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय. मी हसलो. म्हटलं, आजच कळव, येणार नाही म्हणून. ती म्हणाली, अरे, गुरुवार तर होऊ दे. एक दिवस थांबून काय बिघडतंय? मी म्हटलं, मनात पळवाट ठेवून मुलाखतीला गेलं की समोरच्याला वास येतो.

म्हणाली, बरं. माझ्यासमोरच फोन केला. फोनवर तिने ‘त्याला दुसरीकडे मिळतंय’ असं सांगितलं. ऐकायला बरं वाटायला हवं होतं.

१५ जून
कपडे मशीनला लावले आणि समोर स्टूल घेऊन बसलो. एक निळा शर्ट आहे, तो सारखा काचेपाशी येतो आणि परत जातो. मशीन थांबल्यावर कळलं की पूर्ण धुणं होईपर्यंत मी तिथेच होतो. लोक यासाठी ध्यानाच्या शिबिरांना जातात.

ही भाजी निवडत होती. म्हणाली, तुला काही होतंय का?
म्हटलं, काहीच नाही.
म्हणाली, तेच विचारतेय.

कपडे वाळत घातले नाहीत. संध्याकाळी पुन्हा धुवावे लागले.

१७ जून
कन्येसोबत मुलाखतीचा सराव. तिने प्रॉब्लेम सांगायला सुरुवात केली. कुठे चाललाय ते माझ्या लक्षात आलं म्हणून मी उत्तर सुरू केलं. म्हणाली, बाबा, प्रश्न पूर्ण ऐक. मी म्हटलं, अनुभवी माणसाला अर्ध्यात कळतो. उत्तर पूर्ण केलं. ते चांगलं होतं, फक्त तिचा प्रश्न वेगळा निघाला. मी तिला प्रश्नच चुकीचा कसा आहे ते समजावलं. तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, मला सबमिशन आहे. आजच्या पिढीत चिकाटी नाही.

१८ जून
आराम. ऐन वेळी अभ्यास केला की गोंधळ उडतो. तसा आधीही फारसा केला नसल्यामुळे डोकं अगदी स्वच्छ आहे.

१९ जून, गुरुवार, संध्याकाळी
झाली. सविस्तर लिहितो, पुढे आठवणी लिहिताना लागेल.

इमारत काचेची. रिसेप्शनवरच्या मुलाने शर्टावर ‘पाहुणा’ असं स्टिकर लावायला दिलं. खोल्यांना झाडांची नावं.

पहिल्या खोलीत चष्मेवाला तरुण. फळ्यावर कोड लिहायला लावला. मार्करमध्ये शाई नव्हती. मी तसाच लिहीत गेलो, दाबून. तो म्हणाला, दुसरा मार्कर आहे. मी म्हटलं, चालेल. तो म्हणाला, मला दिसत नाहीये. माझ्या मते पहिली फेरी बरोबरीत सुटली.

दुसऱ्या खोलीत एक बाई, खूप शांत. म्हणाल्या, तुम्ही चुकलात असा एखादा प्रसंग सांगा. मी प्रामाणिकपणे आठवायला लागलो. बाई थांबल्या. पाणी दिलं. शेवटी मी म्हटलं, असा प्रसंग आलेला नाही. त्यांनी लिहून घेतलं. फार वेळ लिहीत होत्या.

मग जेवण. सोबतीला एक कर्मचारी दिला होता. आपल्या मताला निकालात किंमत नाही असं त्याने आधीच सांगितलं, म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दमलेला वाटला. त्याने विचारलं, दुसरीकडे कुठे चाललंय का तुमचं? मी म्हटलं, नाही, एक जागा होती, ती सोडली. तो जेवायचा थांबला. म्हणाला, का हो सोडली? मी म्हटलं, इथे येणार ना. त्याने त्याच्या ताटातली मिठाई मला दिली. इथली माणसं चांगली आहेत.

तिसरी मुलाखत स्क्रीनवर. समोरचा गृहस्थ दुसऱ्या ऑफिसातून. त्याने विचारलं आणि मी सांगायला लागलो. काय ऐकत होता! पापणी हलत नव्हती. इतक्या एकाग्रतेने माझं आजवर कोणी ऐकलेलं नाही. मी गोदामांचं सगळं सांगितलं. मॅनेजर बसून राहिला तेही सांगितलं. मग दार उघडून कोणीतरी म्हणालं, सॉरी, लाइन मघाशीच तुटलीय, तुम्हाला सांगायचं राहिलं. तरी बोलून मोकळं वाटलं.

चौथे साहेब. काही विचारायचंय का म्हणाले. मी पार्किंगची जागा कायमची मिळते का ते विचारलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. वक्तशीर माणूस.

खाली येऊन गाडीत बसलो. किल्ली हातात होती. बाजूच्या गाड्या गेल्या, दिवे लागले. मग हिचा फोन आला, कुठे आहेस? म्हटलं, निघतोच आहे.

२३ जून
मेल नाही. ऑफर लेटर म्हणजे दोन ओळींचं काम नव्हे. कायदा विभाग असतो, सह्या असतात. ताईचा फोन आला होता. तिला सांगितलं, ऑफर लेटर वाटेत आहे. ती रडली आनंदाने. मी फोन कानापासून जरा लांब धरला.

२५ जून
मेल नाही. जंक फोल्डरमध्येही नाही. जेवताना ही म्हणाली, शाळेतली जागा भरली, एक मुलगी आलीय, बरी शिकवते. आवाजात काही नव्हतं. मी म्हटलं, मुलीचं भलं झालं. ही माझ्याकडे बघत राहिली. मी पाण्याचा ग्लास भरला. तो आधीच भरलेला होता.

टेबल पुसलं.

३० जून
मेल आला. ‘आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभारी आहोत’ अशी सुरुवात, ती चांगली आहे. मधला भाग तितका नाही. शेवटी शुभेच्छा. म्हणजे तीनपैकी दोन परिच्छेद माझ्या बाजूने.

रिक्रूटर बाईंना फोन केला. मला वाटलं उचलणार नाहीत, उचलला. म्हटलं, नावात गोंधळ तर नाही ना? म्हणाल्या, नाही सर. मग म्हणाल्या, सर, मी सांगायला नको, पण सगळ्यांनी एकच लिहिलंय. तुम्ही समोरच्याचं ऐकतच नाही. मी म्हटलं, असं बघा, मी तुम्हाला सांगतो. त्या म्हणाल्या, अच्छा.

मेल हिने वाचला. कन्येने वाचला. कन्या माझ्या खुर्चीच्या हातावर बसून राहिली.
ही म्हणाली, वाईट वाटतंय?
म्हटलं, नाही.
म्हणाली, थोडं तरी?
मी शोधून पाहिलं. म्हटलं, नाही गं. खरंच नाही.
तर हीच रडायला लागली. घरात कोणीतरी रडायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं, एवढं मला कळलं. पण उठून तिच्याजवळ जायचं ते राहूनच गेलं. कन्या गेली तिच्याजवळ.

२ जुलै, दुपारी
त्यांचा पुन्हा मेल! छातीत काहीतरी हललं, म्हणजे यंत्र चालू आहे. उघडला. ‘उमेदवार म्हणून आपला अनुभव कसा होता?’ पाहणी आहे. पाचपैकी तारे द्यायचे. सगळीकडे पाच दिले. मार्करलाही.

‘आमच्याकडे अर्ज करावा असं आपण मित्राला सुचवाल का?’ हो म्हणण्याआधी म्हटलं एखादा मित्र डोळ्यासमोर आणू. बराच वेळ आणत होतो. मग नुसतंच ‘हो’ केलं.

शेवटी मोकळी चौकट: ‘आपल्याला आणखी काही सांगायचं आहे का?’

आहे. खूप आहे. ‘मला’ असं टाइप केलं आणि पुढचा शब्द येईना. ही शाळेतून आली, पर्स ठेवली, खुर्ची ओढून शेजारी बसली. म्हणाली, काय लिहितोयस? मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने तो एक शब्द वाचला आणि पुढच्यासाठी थांबून राहिली.

मी ‘पाठवा’ दाबलं. आभाराचा मेल लगेच आला.