बस म्हटल्यावर बसणारे गृहस्थ

भेस्तान, सुरत

तीर्थरूप रामदास दाजी यांना,

मेहुणा शालिग्राम याचा साष्टांग नमस्कार (या खेपेस केवळ कागदावरचा, वाकणे डॉक्टरांनी वर्ज्य केले आहे). ताईचे गुडघे कसे आहेत? आपण दाढ काढून घेतलीत, की अजून तिच्याशी वाटाघाटीच चालू आहेत?

हर्षदा इथे माझ्याकडे राहून गोळाफेकीच्या सरावासाठी वजने उचलते हे कळल्यावर आपण फोनवर म्हणालात, "पोरीनं लोखंड उचललं तर कंबर जाईल. रविवारी येतो अन् तिला शिरपूरला घेऊन जातो." तिचा मामा म्हणून मी गप्प राहिलो, परंतु शारीरिक शिक्षणाचा निवृत्त शिक्षक म्हणून गप्प राहणे मला अशक्य आहे. दाजी, कंबर लोखंडाने जात नाही, अडाणीपणाने जाते. शास्त्र किती सोपे आणि सुंदर आहे पाहा. आधी अंग गरम करावे. मग रिकामा दांडा घेऊन हालचाल घोटावी (मुरलेल्या खेळाडूनेसुद्धा, त्यात कमीपणा नाही). पाठीमागे एक जाणकार माणूस उभा ठेवावा. आणखी दोन-तीन वेळा उचलता येईल इतकी ताकद शिल्लक असतानाच थांबावे, वजन चिमटी-चिमटीने वाढवावे आणि मधूनमधून अंगाला सुट्टी द्यावी. स्नायू विश्रांतीत वाढतो, आरशासमोर नाही!

आता या शास्त्राचे आमच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत काय धिंडवडे निघतात ते ऐका. तेथील गुरू जिगरभाई. बाहीत न मावणारा दंड हीच त्यांची एकमेव पदवी. दांडा निसटला तर झेलण्यासाठी असलेले आडवे गज त्यांनी काढून टॉवेल वाळत घालायला भिंतीशी लावले आहेत. कापडबाजारातली पोरे पाठीची कमान करून वजनाला भिडतात आणि हे मागून शिकवतात, "साडीनुं पोटलुं समजीने उपाडी लो!" गाठोडे समजून उचला म्हणे. मणक्याचेच गाठोडे होईल, ही शंका या गुरुवर्यांना शिवत नाही.

त्यातच गेल्या मंगळवारी तिथे एक खानदेशी गृहस्थ अवतरले. वय साठीच्या पुढे, पोट त्याच्याही पुढे. हाडांची नावे तोंडपाठ, आणि तोंडाला विश्रांती नाही. जिगरभाईंना बैठक कशी मारतात हे दाखवण्यासाठी या महाशयांनी अंग गरम न करता, रिकामा दांडा हा स्वतःचा अपमान समजून, चाळीस किलो खांद्यावर घेतले. अर्ध्या वाटेवर गुडघे लटपटू लागले. जिगरभाई घाबरून ओरडले, "बस, काका, बस!" गुजरातीत याचा अर्थ 'पुरे'. गृहस्थ पडले मराठी. ते आणखी बसले. जिगरभाई आणखी मोठ्याने, "अरे बस! बस!" गृहस्थ आणखी खाली. इतकी आज्ञाधारकता मला उभ्या नोकरीत एकाही विद्यार्थ्यात आढळली नाही. अखेर ते दांड्यासकट फरशीवर टेकले आणि 'आता याहून कुठे बसू?' अशा मुद्रेने वर पाहू लागले. गजांवरचे टॉवेल मात्र सुरक्षित होते.

असल्या दीडशहाण्यांमुळे लोखंड बदनाम होते. त्यांच्या मूर्खपणाची शिक्षा नियमाने चालणाऱ्या पोरीला देऊ नये, इतकेच मागणे.

आपला,
शालिग्राम

ता. क. डॉक्टरांनी वाकणे का वर्ज्य केले, हे ताई विचारेलच. तिला सांगू नये. ते गृहस्थ मीच.

आणखी एक. माझ्या खांद्यावरचा दांडा तिथेच सराव करणाऱ्या हर्षदाने काढला. पाय रोवून, श्वास भरून, पाठ सरळ ठेवून, एकटीने. जिगरभाई तोवर देवाचे नाव घेत होते. दांडा घोडीवर ठेवून म्हणाली, "मामा, आधी रिकामा दांडा, असं तुम्हीच सांगतात ना?"

शेवटचे. रविवारी अवश्य यावे. मात्र तिला नेण्याआधी एकदा मला पलंगावरून उठवून दाखवावे. सध्या या घरात ते फक्त तिलाच जमते. माझे वजन ब्याऐंशी किलो आहे. पाठ सरळ ठेवा, आणि मध्येच मी कळवळून "बस" म्हणालो, तर कृपा करून बसू नका.